कोरडं कापड, ओली नळी

१

निकिता राऊतनं टेबलावर निळ्या कापडाचे दोन तुकडे ठेवले, दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाहा."

पहिल्या तुकड्यावरचा थेंब पसरला आणि बघता बघता विरून गेला. दुसऱ्यावरचा तिथंच फुगून बसला, सासरी आलेल्या जावयासारखा. हलायचं नाव नाही.

"पयला तुकडा मिलच्या नमुन्याचा, मी पास केलेला. दुसरा, माल म्हून आलेल्या रोलमधला," ती म्हणाली. "रंग तोच, प्लास्टिक तेच, लेबल तेच. कापड दुसरंच."

माझं नाव भीमराज मनवर. राहतो यवतमाळला आणि विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करतो. प्रवासात माल भिजला, फाटला, बदलला की मला धाडतात. धंदाच संशयाचा. घरी भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी आधी कोणाकोणाचा हात लागला ते विचारतो, म्हणून बायको मला स्वयंपाकघरात फिरकू देत नाही.

निकिता पुसदच्या औद्योगिक वसाहतीत खेळाडूंच्या जर्सी शिवून घेते. पूर्वी कापड गावातल्याच एका व्यापाऱ्याकडून यायचं. मग तिनं मधली सगळी माणसं काढून टाकली आणि थेट व्हिएतनामच्या एका मिलशी बोलणं सुरू केलं. कितीतरी व्हिडिओ कॉल, कुरियरनं येणारे नमुने, आणि शेवटी पसंत पडलेला तुकडा मधोमध कापून, सह्या करून, अर्धा तिकडं आणि अर्धा इकडं. एका मोठ्या कबड्डी स्पर्धेच्या सगळ्या संघांच्या जर्सी या निळ्या कापडाच्या व्हायच्या होत्या.

"मिलनंच फसवलं असन," मी म्हणालो.

"मलेही तसंच वाटलं. त्या मिलमधल्या लिन्हबाईले मी नको नको ते लिहून बसली. मंग सगळे रोल पुन्हा काट्यावर टाकले." तिनं वजनांची वही माझ्यापुढं सरकवली. "माल आला त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर एकेक रोल तोलला होता. लेबलवरच्या वजनाबरोबर भरला. आता प्रत्येक रोल कमी भरून राह्यला."

याचा अर्थ मलाही लगेच कळला. माल पोचला तेव्हा बरोबर होता, मग मिल सुटली आणि ट्रकवालाही सुटला. बदल झाला तो इथं, स्टोअरमध्ये. आणि स्टोअरची चावी एकाच माणसाकडं असायची, संघर्ष भगतकडं. ती त्याच्याकडून आता काढून घेतली होती.

"पोलिसांची तक्रार तयार आहे, त्याच्या नावानं," निकितानं कंप्युटरकडं बोट दाखवलं. "तुमची पाहणी झाली की संध्याकाळी देऊन टाकीन."

खोलीत तिचा मोठा भाऊ अतुलही होता. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर बोरी अरबला वडिलांची कापसाची जिनिंग आहे, ती हा चालवतो. पुसदची ही शेडही त्याचीच, बहिणीला वापरायला दिलेली. तो माझ्याजवळ सरकून हळूच बोलला, "सायेब, तुमच्याच समाजाचा पोरगा आहे. म्हून सांगतो, नीट पाहा. नाहीतर लोक उगाच तुमच्यावर बोट ठेवतात."

हे वाक्य मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ गोड आवाजांत ऐकलेलं आहे. मला राग आला. संघर्षला सोडवलं तर आपल्या माणसाला वाचवलं, आणि अडकवलं तर सगळेच खूश, माझी विमा कंपनी धरून. कारण विमा होता प्रवासाचा. स्टोअरमधल्या चोरीशी कंपनीला देणंघेणं नव्हतं.

रागात पाहणी बिघडते, म्हणून तो गिळला आणि स्टोअर उघडून घेतलं. पहिल्याच रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीत बोट घातलं. कापड खडखडीत कोरडं होतं. पुठ्ठा मात्र लगदा होऊन माझ्या बोटाला चिकटून निघाला.

२

एक नळी नाही, सगळ्या. रोल भिंतीला टेकवून उभे ठेवले होते आणि प्रत्येक नळी खालच्या टोकाला फुगली होती.

समुद्रावरून आलेल्या मालात पाणी शिरतं, त्यात नवल नाही. त्यासाठी मी खिशात एक औषधाची बाटली बाळगतो. खाऱ्या पाण्यावर तिचा थेंब पडला तर दह्यासारखं पांढरं होतं. लगद्यावर टाकला तर नुसतं धुरकटलं. पाणी समुद्राचं नव्हतं, आपल्याकडचंच होतं, विहिरीचं नाहीतर बोअरचं. बरं, बाहेरून भिजलं म्हणावं तर प्लास्टिकवर चिखलाचा डाग नाही की पाण्याचा ओघळ नाही.

संघर्ष दाराबाहेर उभा होता. विशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा रात्रभर न झोपलेला. मी आत बोलावलं तर म्हणाला, "आत येऊ का? ताईनं मना केलं."

"ये. मी सांगतो ताईले. रोल उभे कोणी ठेवले?"

"मीच. आडवे ठेवायले जागा नोती."

"इथं पाणी कुठून आलं?"

"माल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी खाली फरशी ओली दिसली. मले वाटलं छत गळून राह्यलं. अतुलदादाले सांगतलं. ते म्हणे, मी पाहतो, तू नको टेन्शन घेऊ. मंग मी रोज पुसून काढलं अन् पंखा लावून ठेवला."

मी वर पाहिलं. पत्रा नवा होता. गळक्या पत्र्याला खिळ्यांभोवती गंजाची वर्तुळं येतात, तसं काही दिसत नव्हतं. मुलगा खोटं बोलत होता, किंवा पाणी छतातून आलंच नव्हतं.

"हे कापड भिजलं त वाळायले किती वेळ लागन?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तो जरासा हसला. त्या दिवशीचं त्याचं ते एकच हसू. "वेळ कायचा? ताईनं कबड्डीच्या पोरींसमोर जर्सी बादलीत बुडवून दाखवली होती. झटकली की कोरडी. हे कापड पाणी धरूनच ठेवत नाही, सायेब."

मी बाहेर निघालो तेव्हा तो मागून म्हणाला, "माझ्या घरी अजून सांगतलं नाही मी. पोलीस आले त आई दारातच बसून राहीन." सांत्वन करायची पद्धत आमच्या धंद्यात नाही, आणि मला तोवर त्याचाही संशय होता.

३

नागोराव कापडवाल्याचं दुकान पुसदच्या बाजारात जुनं आहे. निकिताला पूर्वी कापड द्यायचे ते हेच. गादीवर बसून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पोरगी समुद्रापलीकडून धागा मागवते, अन् पुसदच्या माणसाले विचारत नाही," ते म्हणाले. "आता बसली डोक्याले हात लावून. मले वाईट वाटलं म्हनू? खोटं कायले बोलू, नाही वाटलं."

"माल बदलला असं म्हणतात. तुम्ही कधी गेलता तिकडं?"

"मी माझ्या गिऱ्हाइकाच्या लग्नाले जात नाही, तिच्या गोडाऊनमंधी कायले जाईन?"

"रोल वजनात कमी भरले."

नागोराव खरोखरच चकित झाले. "वजनात? कापड काट्यावर कोन तोलते? आम्ही त मीटरनं घेतो अन् मीटरनं देतो. काय नवीन नवीन काढलं बाप्पा या पोरीनं."

त्यांनाही मी तोच प्रश्न विचारला, कापड वाळण्याचा. त्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. "तुम्ही सर्व्हे करता ना? अहो, पाणी धरते ते सुती. हे पिळून दोरीवर टाका, चहा होईपर्यंत कोरडं."

परत शेडवर आलो तर चहा तयार होता, आणि चहा देणारा अतुल होता. माणूस बोलका. बहिणीचं कौतुक केलं, मिलला शिव्या दिल्या, मग म्हणाला, "पण मिलचा काय दोष म्हणा. वजनानंच सांगतलं ना चोर घरात आहे."

"मला एक सांगा," मी कपातलं बशीत ओतत विचारलं, "हे रोल भिजले असते त वाळायले किती वेळ लागला असता?"

"भिजले त लय बेकार," तो लगेच म्हणाला. "वरून कोरडं दिसते, अन् आत हात घाला त गरम. आतून वाळतच नाही. पसरून उलटं-पालटं करा लागते, तेव्हा कुठं. काहून?"

"काही नाही. कंपनीचा फॉर्म असतो, त्यात विचारतात."

चहा संपवून तो बोरीला जायला निघाला. जिनिंगमध्ये काही काम आठवलं म्हणे.

आता ट्रकवाला किसनराव तेवढा राहिला होता. त्याचा ट्रक पुसदच्याच एका गॅरेजवर उभा होता. वजनानं त्याला आधीच निर्दोष सोडलं होतं, त्यामुळं तो निवांत होता. नागपूरच्या डेपोतून माल भरला, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस करत इथं आणला. मधे पोळा आला. सणाला उतरवून घ्यायला हमाल मिळणार नाहीत म्हणून यवतमाळच्या पुढं एका ढाब्यावर ट्रकमध्येच झोपलो, असं त्यानं सांगितलं. रोल तोलून घेतात हे त्याला माहीतच नव्हतं. काट्यावर टाकायला लागले तेव्हा उशीर होतो म्हणून भांडलो होतो, असंही म्हणाला. कापड वाळण्याबद्दल विचारलं तर, "मले काय माहीत? मी काय धोबी आहे?"

मी त्याच्या हातांकडं बघत होतो. नखांच्या कोपऱ्यांत लाल रंग होता. ग्रीस नव्हे, पान नव्हे. तेलात कालवलेला पक्का लाल.

"किसनराव, घरी बैल आहेत?"

"आहेत. पांढरकवड्याले. भाऊ पाह्यते."

"यंदा शिंगं मात्र तुम्ही रंगवली," मी म्हणालो. "ट्रक ढाब्यावर होता त पोळ्याच्या दिवशी तुम्ही पांढरकवड्याले कसे गेलते?"

किसनरावनं हात पाठीमागं घेतले.

४

तो वाकून टायर चाचपायला लागला. मग म्हणाला, "मालकाले नका सांगू. ट्रक सोडून गेलो असं कळलं त उद्या मले कामावर कोन ठेवन?"

"ट्रक कुठं सोडला होता?"

"रस्त्यातच. चांगली जागा होती, कुलूप-बंद. मले त्यायनंच म्हटलं, वर्षाचा सण आहे, बैल वाट पाहून राह्यले असतील, जाय. माझी मोटरसायकल घेऊन जाय. देवमाणूस वाटला मले. मी आलो तेव्हा ट्रक होता तसाच होता. एक दोरी इकडची तिकडं नोती." त्यानं मान वर केली. "चोरी केली असती त वजन बरोबर कसं भरलं असतं, सायेब? म्हून मी गप राह्यलो."

"त्या माणसाचं नाव सांगू नका," मी म्हणालो. "मीच सांगतो. बोरी अरबची जिनिंग, आणि मोटरसायकल अतुल राऊतची."

किसनरावनं मान डोलावली.

मी शेडवर गेलो आणि निकिताला गाडीत बसायला सांगितलं. "तक्रार आजची उद्या दिली तरी चालन. मले तुमची बोरीची जिनिंग पाहायची आहे."

"जिनिंगचा काय संबंध?"

"असलाच त तिथं दिसन."

दिग्रस सुटल्यावर ती म्हणाली, "दादाचं काही असन त आत्ताच सांगा. गाडी परत फिरवा."

मी गाडी फिरवली नाही.

५

जिनिंग बंद होती. कापसाचा हंगाम अजून लांब, त्यामुळं आवारात गवत वाढलं होतं. मधल्या मोठ्या शेडचं दार मात्र उघडं होतं आणि आत अतुल एकटाच गाठी बांधायच्या जुन्या बारदानाचा ढीग ओढत होता. आम्हाला बघून तो थांबला.

"तू कायले आली?" त्यानं बहिणीला विचारलं.

"यायनं आणलं," ती म्हणाली. "सांगा आता."

मी एका उलट्या टोपल्यावर बसलो. उभ्यानं बोलायला मला आवडत नाही.

"निकिताताई, माल तुमच्या काट्यावर चढला तेव्हा वजन बरोबर होतं, म्हणून तुम्ही मिल सोडली, ट्रक सोडला आणि संघर्षला धरलं. पण त्या वजनात पाणी होतं. पोळ्याला ट्रक याच आवारात उभा होता. आधीच आणून ठेवलेलं स्वस्ताचं हलकं कापड मिलच्या नळ्यांवर गुंडाळलं, गुंडाळताना पाणी शिंपडलं, वर मिलचंच प्लास्टिक चढवलं. तोललं तेव्हा बरोबर भरलं. मग रोल स्टोअरमध्ये उभे राहिले, पाणी खाली उतरलं, नळ्या फुगल्या, फरशी ओली झाली. संघर्षनं पुसून काढलं, पंख्यानं वाळवलं. तुम्ही पुन्हा तोललं तेव्हा वजन गेलेलं."

"संघर्षनंच पाणी मारलं असन," अतुल म्हणाला.

"कायले मारन? माल एकदा तोलून झाल्यावर चोरणाऱ्याले वजनाची काय पडली? पाणी लागते ते तोलण्याच्या आधी. ज्यानं मारलं, त्याले माहीत होतं की माल आला की निकिता काट्यावर टाकते. नागोरावले हे माहीत नोतं, किसनरावले माहीत नोतं."

निकिता हळूच म्हणाली, "दादाले मीच सांगतलं होतं. हसला होता माझ्यावर."

"आणि दुसरी गोष्ट. ज्यानं पाणी मारलं, त्याले वाटलं ते आतच राहीन. संघर्षले विचारलं, नागोरावले विचारलं. दोघंही म्हणे हे कापड पाणी धरत नाही. ज्याले हे ठाऊक आहे तो असा उद्योग करनच कायले? फक्त एक जण म्हणाला, वरून कोरडं दिसते, आत हात घाला त गरम, पसरून उलटं-पालटं करा लागते." मी अतुलकडं पाहिलं. "अतुलभाऊ, तुम्ही मले कापडाचं नाही, कापसाच्या गंजीचं सांगत होते."

आमच्या जिल्ह्यात कापूस विकायला नेण्याआधी त्यावर पाणी मारणारे असतात. सगळे मारत नाहीत, पण ती युक्ती सगळ्यांना माहीत असते. जिनिंगवाल्यानं तर ती जन्मभर पकडलेली असते. ओल्या कापसात हात घालून घालून अतुलचे हात शिकले होते की पाणी आत शिरलं म्हणजे मुरलं. बहिणीच्या कापडाचा धागा वेगळा आहे, हे बघायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती.

"पाणी टिकलं असतं त सगळा दोष मिलवर गेला असता," मी म्हणालो. "तुमचा हिशोब तोच होता. दूरची मिल, परकी भाषा. तिला चोर म्हटलं की सगळ्यांले पटते. पाणी गेलं आणि दोष संघर्षवर आला. तुम्ही तोही चालवून घेतला. उलट मले येऊन त्याची जात सांगितली."

निकिता ढिगाजवळ गेली. तिनं एक बारदान ओढलं, मग दुसरं. खाली निळं कापड होतं, मोकळं, घड्या घालून रचलेलं. पर्समधून पाण्याची बाटली काढून तिनं थोडं पाणी त्यावर सांडलं. ते पसरलं आणि विरून गेलं.

"कोनाले देणार होता?" तिनं विचारलं.

"अमरावतीचा एक जर्सीवाला आहे." अतुल ढिगापासून मागं सरला. "तुले काय फरक पडला असता? मिलनं दुसरं पाठवलं असतं. विमा होता. घरातलं घरात राह्यलं असतं, निकू."

"अन् संघर्ष?"

अतुलनं बारदान परत कापडावर ओढलं. खरं सांगायचं तर संघर्षचा त्यानं विचारच केला नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. वैर असतं तर एक वेळ समजलं असतं.

६

पुसदला पोचलो तेव्हा शिवणाऱ्या बायका घरी जायला निघाल्या होत्या. संघर्ष गेटजवळ बसला होता. सकाळी मी थांब म्हटलं होतं म्हणून थांबला होता.

निकितानं त्याला आत बोलावलं. तिनं पहिल्यांदा लिन्हबाईला फोन लावला आणि आमच्यासमोर मोडक्यातोडक्या इंग्रजीत माफी मागितली. पलीकडची बाई काय म्हणाली ते मला नीट कळलं नाही, पण ती ओरडली नाही. मग निकितानं स्टोअरची चावी टेबलावर संघर्षसमोर ठेवली.

"कापड सापडलं," ती म्हणाली. "बोरीले. दादानं केलतं. तुझं काहीच नोतं, संघर्ष. माझी चूक झाली."

संघर्षनं चावीकडं पाहिलं, हात लावला नाही. त्याची नजर कंप्युटरकडं गेली. सकाळची तक्रार अजून तशीच उघडी होती, त्याच्या नावासकट.

"आता त्याच्यावर कोनाचं नाव टाकसान?" त्यानं विचारलं.

निकिता खुर्चीवर बसली. तिनं संघर्ष भगत हे नाव पुसलं आणि थांबली. स्क्रीनवर त्या जागी नुसती रेघ लुकलुकत राहिली. तिचे हात मांडीवर होते. बाहेर बायकांचा आवाज लांब गेला, तरी ती तशीच.

"ताई," संघर्ष म्हणाला, आवाजात राग नव्हता, "माझं नाव टाकायले किती वेळ लागला होता?"

निकितानं तोंडावर ओढणी धरली आणि रडली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला त्या मुलाचा अभिमान वाटला, आणि सकाळी मीही त्याच्यावर संशय घेतला होता याची लाजही वाटली. थोड्या वेळानं बटणं दाबल्याचा आवाज आला. सावकाश, एकेक अक्षर. अतुल राऊत.

तिनं कागद छापून काढला, सही केली आणि माझ्याकडं दिला. ठाण्यापर्यंत मी सोबत यावं, एवढंच म्हणाली. संघर्ष तोवर उठून दारात गेला होता.

"उद्या येशील?" तिनं त्याला विचारलं.

"आईले विचारतो," तो म्हणाला आणि गेला.

आम्ही निघालो तेव्हा चावी टेबलावरच होती.